अंगठ्याची साक्ष

पावसाळा लागला की नंदुरबारचा एक व्हिडिओ येतोच. गाव बदलतं, कधी अक्कलकुवा तालुक्यातला पाडा असतो, कधी धडगावच्या डोंगरातला. दृश्य तेच. लाकडी दांड्याला बांधलेली झोळी, झोळीत बाळंतपणाला अडलेली बाई, चिखलात पाय रोवत चाललेली चार-सहा माणसं आणि चित्रण करणाऱ्याला लागलेली धाप. अर्ध्या मिनिटात सगळं कळतं. सकाळी निघालेला व्हिडिओ दुपारपर्यंत पुण्या-मुंबईच्या फोनांत पोचतो, रात्री वाहिन्यांवर दिसतो. लोक संतापतात आणि तो संताप खराही असतो. मग पुढचा विषय येतो.

आता समजा, धडगावातल्या एका शिक्षकानं त्याच पाड्याच्या रस्त्यावर तीन हजार शब्द लिहिले. पाडा वनगाव होता तो महसुली कधी झाला, वनजमिनीतून रस्ता काढायला कुठकुठल्या मंजुऱ्या लागतात, सरदार सरोवराचं पाणी चढल्यावर नर्मदाकाठची जुनी पायवाट कुठे बुडाली, मोरीचं काम घेणारा ठेकेदार डोंगरात यायला का कचरतो, असं सगळं त्यात आलं. लेख चांगला उतरलाय असंही धरू. त्यानं तो फेसबुकवर टाकला. या प्रकरणात आपण त्या लेखाच्या मागोमाग जाणार आहोत. शिक्षक आणि लेख दोन्ही कल्पित आहेत. वाटेत भेटणारी यंत्रं मात्र खरी आहेत.

फेसबुकचं न्यूज फीड सुरू झालं सप्टेंबर २००६ मध्ये. २००९ मध्ये लाइकचं बटण आलं. २०१० मध्ये कंपनीनं आपल्या क्रमवारीचं सूत्र जाहीर सभेत सांगून टाकलं. त्याला 'एजरँक' म्हणत. त्यात तीनच गोष्टी होत्या. लिहिणाऱ्याशी तुमचं येणंजाणं किती, पोस्टवर लोकांनी जे केलं त्याचं वजन किती, आणि पोस्ट किती शिळी. एका कागदावर मावेल असा हिशेब. पुढे तो मोडीत निघाला आणि त्याची जागा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणेनं घेतली. २०१३ साली कंपनीनं सांगितलं होतं, की एखादा माणूस फीड उघडतो तेव्हा त्याला दाखवता येतील अशा सरासरी दीड हजार पोस्ट रांगेत उभ्या असतात. त्या प्रत्येकीपाशी यंत्र एकच विचारतं : हा माणूस ही पोस्ट बघून काही करील का? बटण दाबील का, दोन शब्द लिहील का, पुढे पाठवील का, निदान थांबेल का? प्रत्येक शक्यतेला ठरावीक वजन, त्यांची बेरीज, आणि बेरजेनुसार क्रम.

दीड हजारांत आपल्या शिक्षकाचा लेख एक. त्याच्या वर भाच्याच्या बारशाचे फोटो, नवापूरच्या लग्नातला टिमलीचा नाच, कुणाच्या तरी बढतीचं अभिनंदन आणि दोन पक्षांच्या कार्यकर्त्यांची जुंपलेली असते.

लिहिणाऱ्यांत एक समज पक्का आहे, की अल्गोरिदमला लांब लेखांचं वावडं आहे. मला तो पटत नाही. फेसबुकवर एका पोस्टमध्ये ६३ हजारांहून जास्त अक्षरचिन्हं मावतात. शिक्षकाचे तीन हजार शब्द त्यात सुखानं बसतात. अडचण लांबीची नाहीच. यंत्राला माणूस वाचताना दिसत नाही, अडचण ही आहे. त्याला फक्त अंगठा दिसतो. अंगठा सरकला, थांबला, दाबला, याच्याच साक्षी ते गोळा करतं. आणि शांतपणे वाचणाऱ्या माणसाचा अंगठा फारसं काही करत नाही.

हे किती शब्दशः खरं आहे ते ट्विटरनं दाखवून दिलं. ३१ मार्च २०२३ रोजी कंपनीनं आपल्या शिफारस यंत्रणेचा बराचसा कोड जगासमोर ठेवला आणि त्यासोबत वजनंही प्रसिद्ध झाली. कुणी लाइक करील या शक्यतेला ०.५ गुण. रिट्वीटला १. उत्तर देईल याला १३.५. आणि उत्तर आलं, त्यावर मूळ लिहिणाऱ्यानं पुन्हा काही केलं, तर ७५. म्हणजे एका प्रतिसादाला दिलेली दाद दीडशे लाइकांच्या तोडीची. लांब लिहिणाऱ्यानं नजर ठेवावी अशी नोंद मात्र दुसरीच आहे. वाचणारा ट्वीटच्या पोटात शिरला आणि निदान दोन मिनिटं तिथे रमला, तर त्याला १० गुण होते. दोन मिनिटं! तीन हजार शब्दांचा मराठी लेख मन लावून वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यातली पहिली दोन यंत्राच्या वहीत चढतात. उरलेल्या वेळात वाचणारा रडला, हसला, मागे जाऊन एखादा परिच्छेद पुन्हा वाचून आला, याची त्या तक्त्यात जागाच नव्हती. हे आकडे कायमचे नसतात, कंपन्या ते सतत बदलतात. पण कशाला मोजायचं याची नजर त्यातून दिसते.

फेसबुकची वजनं कंपनीनं अशी उघड केली नाहीत, ती बाहेर फुटली. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकेरबर्गनं जाहीर केलं, की यापुढे बातम्या आणि पानांपेक्षा आपल्या माणसांमधल्या 'अर्थपूर्ण' देवाणघेवाणीला फीडमध्ये प्राधान्य मिळेल. ऐकायला फारच छान. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेनं बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून या अर्थपूर्णतेचा दर कळला : लाइकला १, हसऱ्या-रागीट चेहऱ्यांना ५, भरघोस कमेंटला ३० पर्यंत. रागाच्या चेहऱ्याला २०१७ पासून लाइकच्या पाचपट भाव होता. तो उतरत उतरत २०२० च्या सप्टेंबरात शून्यावर आणला गेला, कारण ज्या पोस्टना तो जास्त मिळतो त्यांत खोटं आणि विखार जास्त असतो हे कंपनीच्याच लोकांच्या ध्यानात आलं होतं.

आता शिक्षकाच्या लेखावर काय प्रतिक्रिया येईल? ज्यानं तो शेवटपर्यंत वाचला त्याला वनमंजुरीच्या भानगडीवर चटकन काही सुचत नाही. फार तर 'वाचलं. सुन्न झालो' एवढं लिहितो आणि फोन खाली ठेवतो. ज्यानं फक्त पहिल्या तीन ओळी पाहिल्या तो मात्र लगेच मोकळा होतो : सत्तर वर्षांत काय केलं, आमदार झोपलेत का, यांना डोंगर सोडायला काय होतं. त्याच्याशी दुसरा भांडतो. न वाचणाऱ्यांच्या या भांडणावर लेख वर चढतो आणि वाचणाऱ्यांच्या शांततेवर तो बुडतो. न वाचता पुढे ढकलणं ही काही मराठी माणसाची खासियत नाही. कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरचे दुवे तपासले, तेव्हा पुढे पाठवलेल्यांपैकी ५९ टक्के दुव्यांवर एकदाही क्लिक झालेलं नव्हतं. लेखकाला कळतं लेख 'चालला'. कुणी वाचला की नाही, ते कळत नाही.

याच काळातली एक गंमत इथे सांगायला हवी. २०१८-१९ च्या सुमारास फेसबुकवर एक मजकूर घरोघर फिरत होता. फेसबुकच्या नव्या अल्गोरिदममुळे मला फक्त पंचवीस-सव्वीसच मित्र दिसतात, तुम्ही वाचत असाल तर नुसतं टिंब टाका, आणि हा मजकूर शेअर न करता कॉपी-पेस्ट करा. मराठीतही तो भरपूर फिरला. खाली टिंबांच्या रांगा लागायच्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकला अधिकृत खुलासा करावा लागला, की अशी कुठलीही सव्वीसची मर्यादा नाही. अफवा खोटी होती. पण टिंब टाकणाऱ्यांना त्यानंतर खरंच एकमेकांच्या पोस्ट जास्त दिसल्या असणार, कारण टिंब ही यंत्राच्या लेखी कमेंटच. चुकीच्या कारणासाठी केलेला उपाय लागू पडावा, यातली मौज वैद्यांना चांगली ठाऊक आहे.

शिक्षकानं लेख फेसबुकवर न टाकता दुसरीकडे छापला आणि इथे नुसता दुवा दिला असता, तर त्याचं आणखी कठीण झालं असतं. दुवा म्हणजे बाहेर जायचं दार, आणि जाहिरातींवर जगणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक दाराबाहेर गेलेलं नको असतं. ऑगस्ट २०२१ मध्ये फेसबुकनं 'लोकांनी सर्वांत जास्त काय पाहिलं' याचा पहिला अहवाल दिला. अमेरिकेतल्या फीडचा तो हिशेब होता आणि त्यात पाहिल्या गेलेल्या मजकुरापैकी सुमारे ८७ टक्के मजकुराला बाहेरचा दुवाच नव्हता. मे २०१५ मध्ये वाजतगाजत आलेली 'इन्स्टंट आर्टिकल्स' ही सोय, जिच्यात लेख फेसबुकच्या पोटातच झटकन उघडायचे, एप्रिल २०२३ मध्ये बंद झाली. लांब लिहिण्यासाठी असलेलं 'नोट्स' त्याआधीच, ऑक्टोबर २०२० च्या अखेरीला मोडीत काढलं होतं. ट्विटरवर तर ऑक्टोबर २०२३ पासून काही काळ दुव्यांखालचे मथळेही गायब झाले होते. उरलं नुसतं चित्र. इन्स्टाग्रामवर चित्राखाली २,२०० अक्षरचिन्हं मिळतात आणि तिथे दिलेला दुवा दाबताच येत नाही. ही २,२०० देवनागरीत लवकर संपतात, कारण यंत्र काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजतं. 'नंदुरबार' आपल्याला पाच अक्षरांचं वाटतं. यंत्राला ते आठ चिन्हांचं आहे. साधारण सव्वातीनशे-साडेतीनशे शब्दांत मराठी लेखकाची शिदोरी संपते.

म्हणून मराठी लेखकांनी आपापल्या युक्त्या काढल्या. 'लिंक पहिल्या कमेंटमध्ये' ही त्यातली सर्वांत जुनी. मग लेखाचे तुकडे करून 'भाग १', 'भाग २', 'क्रमशः'. मग पहिल्या ओळीतच वाचकाची कॉलर धरायची, कारण 'आणखी पहा' या दोन शब्दांच्या आत जे आहे ते बहुतेकांच्या लेखी नाहीच. यातून लेखनावर जो परिणाम झाला तो 'रीच पडला' या तक्रारीपेक्षा खोल आहे. शिक्षकानं दुसरा लेख लिहिताना मंजुऱ्यांचा भाग काढून टाकला आणि झोळीतल्या बाईपासून सुरुवात केली, तर त्याला दोष कोण देईल? पण लेखाचा जीव त्या कंटाळवाण्या मंजुऱ्यांतच होता.

असं कापलेलं नंदुरबार आपण पाहिलेलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाच्या साथीत, देशभर ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू असताना या जिल्ह्यात तो पुरेसा आहे, ही बातमी पसरली. जिल्हाधिकारी होते डॉ. राजेंद्र भारूड, जिल्ह्यात ऑक्सिजनचा पहिला प्रकल्प २०२० च्या सप्टेंबरातच उभा राहिला होता. एका फोटोवर चार ओळी, अशी कार्डं देशभर फिरली. कौतुक रास्त होतं. पण पैसा कुठल्या कुठल्या निधीतून उभा केला, रुग्णालयात नळजोडणी कुणी केली, पहिली लाट ओसरताना तज्ज्ञ मंडळी काय सांगत होती, हे कार्डात मावत नव्हतं आणि दुसऱ्या जिल्ह्यांना उपयोगी पडलं असतं ते नेमकं तेच. भारूड यांचं 'मी एक स्वप्न पाहिलं' हे आत्मकथन २०१४ मध्येच आलेलं होतं. अख्ख्या पुस्तकाचंही त्या आठवड्यात एका वाक्याचं सुभाषित झालं.

दर वर्षी ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, नंदुरबारची फीड भरून वाहते. शहाद्याकडचे कवी वाहरू सोनवणे यांच्या कविता त्या दिवशी हातोहात फिरतात. त्यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. कविता फोनच्या एका पडद्यात मावते, म्हणून टिकून राहते, याचा आनंदच आहे. मात्र ज्या चळवळीतून ती आली, ती भिल्लांचे पुढारी अंबरसिंग महाराजांची, १९७२ च्या श्रमिक संघटनेची, सालदारांच्या आणि जमिनीच्या लढ्याची गोष्ट पडद्यात मावत नाही. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईंनी १९७६ मध्ये शहाद्याच्या चळवळीवर इंग्रजीत सविस्तर निबंध लिहिला. त्याच्या तोडीचं मराठी लिखाण आज एखाद्यानं फीडवर टाकलं तर ते दुसऱ्या दिवसाच्या मिरवणुकीच्या रील्सखाली गाडलं जाईल.

आता या जिल्ह्याचं स्वतःचं असं काही. जगभरच्या लेखकांची रड सारखी असली तरी सातपुड्यात तिला दोन-तीन वेगळे पीळ आहेत.

पहिला पीळ रेंजचा, आणि तो वाटतो तसा सरळ नाही. २०१५ च्या ऑक्टोबरात फेसबुकनं आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'टूजी मंगळवार' सुरू केला होता. इच्छा असेल त्यानं तासभर मुद्दाम मंद इंटरनेटवर फेसबुक चालवून बघायचं, म्हणजे भारतासारख्या देशांत लोक काय सोसतात ते कळेल. (धडगावात त्या काळी सगळेच वार मंगळवार होते.) ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की पान उघडायला किती वेळ लागेल याचा अंदाज आता क्रमवारीत धरला जाईल आणि वेगानं उघडणारी पानं वर येतील. त्याच वेळी त्यांनी असंही सांगितलं, की कुणाच्या फोनवर जाळं इतकं मंद असेल की व्हिडिओ चालणारच नाही, तर त्याला व्हिडिओ कमी आणि लिखित मजकूर जास्त दाखवला जातो. म्हणजे काही काळ तरी वाईट रेंजमध्ये अक्षरांची बाजू वरचढ होती! शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर ४जी पक्कं झालं, जिओचा स्वस्त डेटा २०१६ च्या सप्टेंबरपासून आला, २०२० च्या जूनअखेर टिकटॉकवर बंदी येऊन लगेच जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि तराजू फिरला. डोंगरात मनोरा उभा राहणं ही चांगलीच गोष्ट. रुग्णवाहिका बोलवायला फोन लागतो. पण मनोऱ्यासोबत आधी येतो तो व्हिडिओ.

त्यातही बाहेरचा दुवा दुहेरी मार खातो. मराठी बातम्यांची बरीच संकेतस्थळं जाहिरातींनी इतकी लगडलेली असतात की बऱ्या जाळ्यावरही धापा टाकतात. तोरणमाळच्या अलीकडे कुणी असा दुवा दाबला, पान उघडेना म्हणून परत फिरला, तर यंत्राच्या वहीत नोंद होते ती 'आला आणि लगेच गेला' अशी. रेंज नव्हती, हे कारण त्या नोंदीत असेलच असं नाही.

दुसरा पीळ फोनच्या मालकीचा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती, दहातले जवळपास सातजण आदिवासी, आणि साक्षरता ६४ टक्के. अशा ठिकाणी वाचन ही एकट्यानं करायची गोष्ट नसते. शिकलेला मुलगा ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो, पाच-सहाजण ऐकतात, मध्येच कुणीतरी 'हे पुन्हा सांग' म्हणतो. शिक्षकाचा लेख असा ऐकला गेला तर वाचक सहा. यंत्राच्या लेखी एक, आणि तोही फार वेळ थांबून काहीच न करणारा. दिवाळीनंतर यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला सुरत-बारडोलीकडे उतरतात. लेख ज्यांच्याबद्दल आहे ते तेव्हा गुजरातेत असतात.

तिसरा पीळ भाषेचा, आणि माझ्या मते तो सर्वांत घट्ट आहे. कुठलीही पोस्ट कुणाला दाखवायची हे ठरवताना ती कुठल्या भाषेत आहे हे यंत्राला ओळखावं लागतं. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये भाषा ओळखणारं एक साधन सर्वांसाठी खुलं केलं. ते १७६ भाषा ओळखतं. त्यात मराठी आहे, गोव्याची कोकणी आहे, मैथिली आहे. भिली नाही. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे एक कोटीहून अधिक नोंदले गेले आहेत, म्हणजे युरोपातल्या कितीतरी देशांच्या लोकसंख्येहून जास्त. अहिराणीही त्या यादीत नाही. फेसबुकची मूळ कंपनी असलेल्या मेटानं २०२२ मध्ये दोनशे भाषांचं भाषांतर करणारं प्रारूप आणलं, त्यात छत्तीसगढी, मगही, संथाली आल्या. भिली तेव्हाही बाहेरच. शिक्षकानं पावरीत, म्हणजे इथल्या भिली बोलीत, दोन पानं लिहिली तर असं साधन ती मराठी, हिंदी किंवा गुजराती समजून मोकळं होणार, कारण यादीत नसलेलं नाव त्याला सुचूच शकत नाही. चुकीची भाषा लागली की चुकीचा वाचक, आणि त्या वाचकाला काही कळलं नाही की तो पुढे सरकतो. अंगठ्याची साक्ष पुन्हा विरोधात.

गाण्यांचं असं होत नाही. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं २०२२ मध्ये ज्यांना अहिराणीचा गंधही नाही अशांच्या लग्नांत वाजलं. यूट्यूबवर त्याचे प्रेक्षक कोटींत मोजले गेले. टिमलीची गाणी गुजरात-महाराष्ट्र-मध्य प्रदेशाच्या हद्दी रोज ओलांडतात. ठेक्याला भाषा ओळखावी लागत नाही. गद्याला लागते.

मग लेख पोचतो तो कुठून? बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरून. तिथे क्रमवारी लावणारा कुणी नाही; जे आलं ते आलेल्या वेळेनुसार. शिक्षकांचे गट, तालुक्याचे गट, डी.एड.च्या जुन्या तुकडीचे गट. लेख कॉपी होतो, 'साभार' लागतो, तिसऱ्या उडीत लेखकाचं नाव गळतं, पाचव्या उडीत दुसऱ्याच कुणाचं तरी चिकटतं. 'नावासह शेअर करावा' ही विनंती मराठी आंतरजालावरची सर्वांत दुर्लक्षित विनंती असावी. पण अल्गोरिदम नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅप निर्मळ आहे असं म्हणायला या भागात तरी जीभ रेटत नाही. नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे १ जुलै २०१८ रोजी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाचजणांना जमावानं ठेचून मारलं. भिक्षेकरी होते, मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. तिथे शिफारस करणारं कुठलंही यंत्र नव्हतं. भीतीचा मजकूर दोन ओळींचा होता आणि माणसांनी तो माणसांना पाठवला. देशात त्या वर्षी अशा हत्या वाढत गेल्या, तेव्हा जुलैतच व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असं केलं. मर्यादा योग्यच होती. पण ती अफवेला आणि तीन हजार शब्दांच्या लेखाला सारखीच लागू आहे, आणि दोन ओळी पुन्हा टाइप करता येतात, तीन हजार शब्द नाही.

म्हणून फीडवर किती चाललं यावरून लांब लेखनाचं भवितव्य ठरवू नये, असं मला वाटतं. फीडचं आयुष्य दोन दिवसांचं, शोधाचं वर्षानुवर्षांचं. फीड माणसाच्या पुढ्यात काहीतरी आणून टाकतं, शोधणारा माणूस स्वतः प्रश्न घेऊन येतो आणि प्रश्न घेऊन आलेल्याला लांबीची भीती नसते. पी. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'परी' या संकेतस्थळावर अक्राणीच्या, म्हणजे धडगावच्या, पाड्यांमधले लांबलचक वृत्तांत मराठीतही आहेत. ते कधी धबाधब फिरले नसतील, पण प्रबंध लिहिणारी मुलगी, नव्यानं बदलून आलेला अधिकारी, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी अशा माणसांना ते सापडत राहतात. आता शोधाच्या वरही यंत्रानं केलेले सारांश बसू लागले आहेत. भारतात गूगलनं ते २०२४ च्या ऑगस्टपासून सुरू केले. सारांशावरच माणूस थांबला तर मूळ लेखापर्यंत येणार कोण, ही चिंता खरी आहे. दुसरी बाजूही आहे. कुणीतरी सविस्तर लिहिल्याशिवाय सारांश कशाचा करणार? २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं 'आदि वाणी' हे भाषांतराचं अ‍ॅप चाचणीसाठी खुलं केलं, त्यात संथाली, मुंडारी, गोंडी यांच्यासोबत भिली आहे. अशा साधनाला खायला मजकूर लागतो, आणि पावरी-मावचीसारख्या भिली बोलींतला लिहून ठेवलेला मजकूर अजून फार थोडा आहे.

तेव्हा आपल्या शिक्षकाला सल्ला द्यायचा तर तो अल्गोरिदमला कसं वळवायचं याचा नको. पूर्ण लेख पोस्टमध्येच टाकावा, दुवा खाली द्यावा, आलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावं. एवढं केलं की त्या बाजूचं काम झालं. खरं काम दुसरीकडे आहे. जिल्ह्यातली साप्ताहिकं आपल्या पानांचे फोटो गटांवर टाकतात, लोक कात्रणाचा फोटो काढून पुढे पाठवतात. तो लेख शोधणाऱ्याला बहुधा कधीच सापडत नाही. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या मजकुराचीही तीच गत. लेख युनिकोडमध्ये असावा, स्वतःच्या किंवा भरवशाच्या जागी असावा, त्यावर लिहिल्याची तारीख असावी. पावरीत लिहिलं असेल तर वर मराठीत 'पावरी' असं लिहावं, यंत्राला नाही तर माणसाला तरी कळेल. पाड्याचं नाव, गावाचं नाव, तालुक्याचं नाव पूर्ण द्यावं. आणि तालुका लिहिताना धडगाव आणि अक्राणी ही दोन्ही नावं घालावीत, कारण सरकारी कागद एक म्हणतो, एस.टी.ची पाटी दुसरं, आणि शोधणारा कुठलं टाकील ते सांगता येत नाही.